घरी पत्रा कापताना : अवजार कोणते आणि का?

आमचे गावचे घर खानापूर तालुक्यात आहे. मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौले, आणि जिथे दोन छपरे एकमेकांना मिळतात तिथे पावसाचे पाणी बाहेर नेणारी जस्ती पत्र्याची पन्हळ. २०२१ च्या मे महिन्यात ही पन्हळ बदलायची वेळ आली. त्या दिवसांत कारागीर मिळेना. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. घरी ड्रिल आणि अँगल ग्राइंडर आहे. मनात म्हटले, पत्रा कापण्यात असे काय मोठे आहे? बेळगावहून चोवीस गेजी पत्रा नेला, ग्राइंडरला कापणारी चकती लावली आणि तासाभरात सगळे तुकडे पाडले. ठिणग्यांचा वर्षाव बघायला गल्लीतली मुले जमली होती. मीही मनातून खूष होतो.

दोन पावसाळे पन्हळ टिकली. २०२३ च्या जुलैत, तिसऱ्या पावसाळ्यात, ती पाणी उतरण्याच्या भोकाशी आणि कडांच्या बाजूने गळू लागली. पाणी भिंतीत मुरले. भाताची चार पोती भिजली आणि एका रात्री भिंतीचा हातभर थर आतल्या बाजूस ढासळला. कोणाला इजा झाली नाही, एवढेच समाधान. गावातले वयस्कर पत्रेवाले मामा पाहायला आले. त्यांनी पन्हळ खाली काढली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही पत्रा कापला नाहीत, जाळलात की! बघा, मधला पत्रा अजून चांगला हाय. गंजली ती नुसती कड."

त्यांचे ते वाक्य मला वर्गात मिळालेल्या पुष्कळ धड्यांपेक्षा अधिक शिकवून गेले. पत्र्याचे दोन तुकडे करणे हे काम कोणतेही अवजार करते. प्रश्न असतो तो मागे राहणाऱ्या कडेचा. ती कड सरळ राहिली का, तिच्यावरचे जस्त शाबूत आहे का, ती कोणाचा हात कापणार तर नाही ना, हे सारे आपण निवडलेल्या अवजारावर ठरते. गेल्या काही वर्षांत मामांच्या शेजारी बसून आणि स्वतः चुका करून जे शिकलो, ते विद्यार्थी मित्रांपुढे क्रमाने मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक लहानशी गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपले हे वार्षिक दोन भाषांत निघते, म्हणून ती येथे शोभेल. धातूच्या पातळ पत्र्याला मराठीत जुना शब्द आहे 'तगड', आणि कानडीत 'तगडु'. आपण म्हणतो 'कातर', शेजारी म्हणतात 'कत्तरी'. मामा गिऱ्हाइकाशी कधी एका भाषेत बोलतात, कधी दुसऱ्या. पत्रा आणि कातर ही दोन नावे मात्र त्यांना फारशी बदलावी लागत नाहीत.

आधी पत्रा ओळखा

अवजार निवडण्यापूर्वी दोन गोष्टी माहीत हव्यात : धातू कोणता आणि जाडी किती. बाजारात जाडी अजूनही पुष्कळदा 'गेज'मध्ये सांगितली जाते. ही मोजणी नवख्याला उलटी वाटते. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. ब्रिटनमध्ये १८८४ साली कायदेशीर ठरलेल्या प्रमाण गेजानुसार १६ गेज म्हणजे सुमारे १.६३ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२२, २० गेज म्हणजे ०.९१, २२ गेज म्हणजे ०.७१, २४ गेज म्हणजे ०.५६ आणि २६ गेज म्हणजे ०.४६ मिलिमीटर. पण दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यावर विसंबू नये. आपण सर्वांनी प्रयोगशाळेत स्क्रू गेजने तारेचा व्यास मोजलेला आहे. तेच उपकरण पत्र्याला लावावे. त्याने मिलिमीटरचा शंभरावा भाग कळतो. पत्र्याची जाडी हा आपल्या कामातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, हे पुढे दिसेलच.

धातूंचे स्वभावही निरनिराळे. तांबे आणि ॲल्युमिनियम मऊ. कातरीला सहज वश होतात. साधे पोलाद त्याहून चिवट. स्टेनलेस स्टील आणखी चिवट, शिवाय ते काम करता करता अधिक कठीण होत जाते. म्हणून ज्या कातरीने साधा १८ गेजी पत्रा कसाबसा कापला जातो, तिने स्टेनलेसचा २२ गेजी पत्रा कापला तरी पुष्कळ झाले. जस्ती पत्रा म्हणजे आत पोलाद आणि दोन्ही अंगांनी जस्ताचा अतिशय पातळ थर. त्या थराची काळजी घेणे हेच जस्ती पत्र्याच्या कामातले मर्म होय.

येथे एक इशारा. आपल्याकडे छपरावरच्या सिमेंटच्या तक्त्यांनाही 'पत्रा'च म्हणतात. जुन्या सिमेंटी पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक, कर्करोगाला कारण होणारी आहे. त्याला घरी करवत किंवा ग्राइंडर लावूच नये. या लेखातले काहीही त्या पत्र्याला लागू नाही.

कातर : सर्वांत जुने, सर्वांत भरवशाचे

पत्रा तोडण्याच्या रीती मुख्यतः तीन. दोन पात्यांमध्ये धरून कातरणे ही पहिली. दातांनी किंवा छिन्नीने थोडे थोडे उतरवणे ही दुसरी. आणि वेगाने फिरणाऱ्या चकतीने घासून काढणे ही तिसरी. पातळ पत्र्यासाठी पहिली रीत शक्य असेल तर इतर दोहोंचा विचार करू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

कातरीला किती जोर लागतो याचे गणित फार सुंदर आहे. कातरीची दोन पाती एकमेकांशी कोन करतात. त्यामुळे कोणत्याही क्षणी पत्र्याची पूर्ण रुंदी कापली जात नसून एक छोटा त्रिकोण कापला जात असतो. त्याची उंची म्हणजे पत्र्याची जाडी, आणि पायाही जाडीच्याच प्रमाणात. म्हणजे त्रिकोणाचे क्षेत्रफळ, आणि म्हणून लागणारे बल, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट झाली की जोर चौपट लागतो.

आकडे घालून पाहू. पात्यांतील कोन २० अंश आणि पोलादाचा कातरण्याला होणारा विरोध दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३०० न्यूटन धरला, तर २४ गेजी पत्र्याला कापण्याच्या जागी सुमारे १३० न्यूटन, म्हणजे १३ किलो वजनाइतके बल लागते. १८ गेजी पत्र्याला तेच सुमारे ६१० न्यूटन, म्हणजे ६२ किलोच्या घरात जाते. आता तरफेचा नियम लावा. मधल्या खिळ्यापासून ३ सेंटिमीटरवर पत्रा आणि १५ सेंटिमीटरवर मूठ असेल तर हाताला पाचव्या हिश्शाचा जोर पुरे. म्हणजे पहिल्या पत्र्याला अडीच किलोच्या आसपास, दुसऱ्याला साडेबारा. पत्रा पात्याच्या टोकाशी, ६ सेंटिमीटरवर धरला तर हे आकडे दुप्पट होतात. प्रत्यक्षात घर्षण आणि पत्र्याचे वाकणे यांमुळे जोर आणखी थोडा लागतो. तीनचार मीटर लांबीची पन्हळ कापताना हा जोर शंभरदोनशे वेळा लावायचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे '१८ गेजपर्यंत हातकातर, त्यापुढे दुसरा उपाय' हा कारागिरांचा ठोकताळा कुठून आला ते समजते. हे गणित मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवत होतो. माझ्या हातात ग्राइंडर आला तेव्हा ते आठवले नाही, ही गोष्ट वेगळी.

मामांची मोठी कातर पाहण्यासारखी आहे. तिचा एक पाय लाकडी ठोकळ्यात रोवलेला असतो आणि दुसऱ्यावर ते तळहाताने, क्वचित सर्व अंगाच्या भाराने दाब देतात. मूठ आवळण्यापेक्षा दाबण्यात जोर अधिक, आणि दुसरा हात पत्रा सरकवायला मोकळा राहतो. घरी इतके मोठे अवजार नको. सरळ कापण्यासाठी २५० ते ३०० मिलिमीटर लांबीची साधी सरळ कातर घ्यावी. त्याखेरीज 'एव्हिएशन स्निप' नावाने मिळणारी दुहेरी तरफेची कातर फार उपयोगाची आहे; तिला जोर कमी लागतो. तिचे तीन प्रकार मुठीच्या रंगावरून ओळखता येतात : पिवळी सरळ कापण्यास, लाल डावीकडे वळण्यास आणि हिरवी उजवीकडे वळण्यास. लाल कातरीने उजवीकडचे वळण घ्यायला गेलात तर पत्रा मुरगळतो आणि दोष मात्र कातरीला दिला जातो.

कातर चालवण्याच्या चार गोष्टी मामांनी मला पुन्हा पुन्हा सांगितल्या. एक, पत्रा शक्य तितका मधल्या खिळ्याजवळ घ्यावा. दोन, पाती पूर्ण मिटू देऊ नयेत. टोके मिटली की त्या जागी कडेला बारीक खाच पडते आणि पुढे तीच हाताला लागते. पाऊण मिटवावे, पुढे सरकावे, पुन्हा पाऊण मिटवावे. तीन, ओळीवर एकदम जाऊ नये. आधी ओळीपासून सुमारे १० मिलिमीटर बाहेरून जादा भाग काढून टाकावा आणि मग ओळीवर कापावे. अरुंद फीत स्वतः वळत जाते आणि आपला कामाचा पत्रा सपाट राहतो. चार, पाती पत्र्याशी काटकोनात धरावीत. कातर आडवी कलली की पत्रा कापला न जाता दोन पात्यांमध्ये दुमडला जातो. मधला खिळा सैल झाला असला तरी हेच घडते. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी तो तपासावा. आणि कातरीने तार किंवा खिळा कधीही तोडू नये. एकदा पात्याला खाच पडली की ती प्रत्येक कापात उमटते.

करवत, छिन्नी आणि त्यांची भावंडे

जाडी वाढली किंवा भोक पत्र्याच्या मध्यावर पाडायचे असले की कातर थांबते. हॅकसॉ सर्वांच्या घरी असते, पण पातळ पत्र्यावर ती अडकते आणि पाते मोडते. कारण साधे आहे. निदान तीन दात एकाच वेळी धातूत असले पाहिजेत, नाहीतर कड दोन दातांच्या मध्ये जाऊन बसते. सर्वांत बारीक, इंचाला ३२ दात असलेल्या पात्यातही दोन दातांतले अंतर सुमारे ०.८ मिलिमीटर असते. म्हणजे २.४ मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्याला सरळ उभी करवत लावणे नियमाविरुद्ध झाले. यावर उपाय दोन. करवत अगदी आडवी, तिरकस धरावी, म्हणजे दातांना वाट लांब मिळते. किंवा पत्रा दोन पातळ फळ्यांमध्ये घट्ट आवळून फळ्यांसकट कापावा. दुसरा उपाय अधिक चांगला, कारण त्याने पत्रा थरथरत नाही आणि कडही स्वच्छ येते. पात्याचे दात पुढच्या दिशेला असावेत. जोर पुढे जाताना द्यावा, मागे येताना नाही.

छिन्नी आता लोक विसरत चालले आहेत. पण मधले भोक सुरू करण्यासाठी तिच्याइतके स्वस्त साधन नाही. शेगड्यात, म्हणजे आपण ज्याला व्हाइस म्हणतो त्यात, ओळ जबड्याच्या बरोबरीला आणून पत्रा आवळावा आणि छिन्नी जबड्यावर किंचित तिरपी टेकवून ठोकत जावे. जबडा आणि छिन्नी मिळून कातरीसारखेच काम करतात. मोठ्या पत्र्यावर काम असेल तर खाली लाकडाचा ठोकळा, त्याचा आडवा कापलेला माथा वर करून ठेवावा. ऐरणीच्या कठीण तोंडावर छिन्नी ठोकली तर धार तर जातेच, ऐरणही बिघडते. छिन्नीचा माथा ठोकून ठोकून छत्रीसारखा पसरला असेल तर तो घासून घ्यावा. त्याचा तुटलेला कण डोळ्यात जाऊ शकतो.

विजेवर चालणाऱ्या साधनांत जिगसॉ आणि निबलर ही दोन घरगुती कामाला योग्य. जिगसॉला धातूचे बारीक दातांचे पाते लावावे, पत्रा प्लायवुडच्या तुकड्यावर आवळावा, वेग कमी ठेवावा आणि ॲल्युमिनियम असेल तर पात्याला थोडे मेण लावावे. नाहीतर मऊ धातू दातांत भरून बसतो. निबलर पत्र्याचे चंद्रकोरीसारखे बारीक तुकडे तोडत पुढे जातो. त्याने पत्रा मुळीच वाकत नाही, वळणेही सुरेख येतात. नागमोडी, म्हणजे कोरुगेटेड पत्र्यावर तर तो कातरीपेक्षा सरस. मात्र त्या चंद्रकोरी टोकदार असतात. काम संपल्यावर जमीन झाडूनच उठावे. आपल्या घरांत माणसे अनवाणी वावरतात.

पातळ ॲल्युमिनियमच्या सरळ कापासाठी तर कातरीचीही गरज नाही. पोलादी पट्टीच्या आधाराने टोकदार रेखणीने पाचसहा वेळा खोल रेघ ओढावी, रेघ टेबलाच्या काठावर आणावी आणि पत्रा वरखाली वाकवावा. दोनचार वाकवण्यांत तो रेघेवर तुटतो.

ग्राइंडरबद्दल

आता माझ्या अपराधाकडे वळतो. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ५८ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक येतो. या वेगाने पोलादाचे कण घासून निघतात आणि तापून हवेत जळतात; त्याच आपल्याला दिसणाऱ्या ठिणग्या. जस्त मात्र ४२० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते आणि सुमारे ९०७ अंशांना उकळते. कापाच्या दोन्ही बाजूंचे जस्त जळून जाते हे त्यावरून कळावे.

कातरीने कापलेली कडही उघडीच असते, मग ती का गंजत नाही, असा प्रश्न माझ्या एका विद्यार्थिनीने विचारला होता. प्रश्न योग्य होता. पत्रा पातळ असला की उघड्या पोलादाच्या दोन्ही अंगांना अगदी जवळ जस्त असते. ओलाव्यात दोन धातूंचा विद्युत्घट तयार होतो. जस्त पोलादापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते स्वतः झिजते आणि पोलादाला राखते. ग्राइंडरने कडेजवळचे ते जस्तच नाहीसे केले, म्हणजे राखणदारच गेला. शिवाय उडालेले तप्त कण पत्र्याच्या अंगावर चिकटून बसतात आणि पहिल्याच पावसात त्यांचे तपकिरी ठिपके दिसू लागतात. रंगीत थर दिलेल्या छपराच्या पत्र्यालाही हेच लागू आहे.

माझ्या पन्हळीत आणखी एक दोष होता. चकती गोल असल्यामुळे खालच्या बाजूने काप कोपऱ्यापर्यंत नेला की वरच्या बाजूने तो कोपऱ्याच्या पुढे गेलेला असतो. भोकाच्या चारही कोपऱ्यांना असे जादा काप पडले होते. पाणी प्रथम गळू लागले ते तिथूनच.

ग्राइंडर वाईट अवजार आहे असे मी म्हणत नाही. जाड पट्टी, अँगल, गंजून अडकलेला बोल्ट यांसाठी त्याला पर्याय नाही. पण तो वापरायचा तर संरक्षक कवच काढू नये. चकतीवर छापलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावी आणि तिची मुदत संपलेली नसावी. कापणाऱ्या पातळ चकतीच्या अंगाने घासकाम करू नये. काप मिटू लागला की चकती अडकते आणि यंत्र उलट उसळते, म्हणून तुटून पडणारा भाग मोकळा लोंबता ठेवावा. डोळ्यांना चष्मा, अंगात सुती कपडे. ओढणी किंवा सैल बाह्या नकोत. जस्ती पत्रा बंद खोलीत कापू नये. जस्ताचा धूर छातीत गेला तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. आणि पेट्रोल, थिनर किंवा रंग ठेवलेले रिकामे पिंप ग्राइंडरने कधीही उघडू नये. आत द्रव नसला तरी वाफ असते, आणि एक ठिणगी पुरते.

आखणी, कोपरे आणि भोके

निम्मे पत्राकाम कागदावर होते. आधी पुठ्ठ्याचा साचा करून जागेवर बसवून पाहावा. पुठ्ठा वाया गेला तर चार रुपये, पत्रा वाया गेला तर चारशे. दुमडायच्या कडांसाठी जागा सोडायला विसरू नये. काटकोनासाठी गुण्या वापरावा. जस्ती पत्र्यावर रेखणीची रेघ फक्त जिथे कापायचे तिथेच ओढावी. दुमडण्याच्या ओळीवर रेखणी फिरवली तर जस्त चिरले जाते आणि नेमके वळणावर गंज धरतो. तिथे मार्कर वापरावा. शिसपेन्सिलही नको, कारण तिच्यातील ग्राफाइट ओलाव्यात जस्ताच्या झिजेला हातभार लावते.

आतल्या कोपऱ्याशी दोन काप मिळणार असतील तर आधी त्या बिंदूवर ३ किंवा ४ मिलिमीटरचे गोल भोक पाडावे आणि काप त्या भोकाशी थांबवावेत. तीक्ष्ण कोपऱ्यातून पुढे पत्रा फाटत जातो. गोल भोक तो ताण वाटून घेते. भोक पाडताना पत्रा लाकडावर आवळावा, सेंटर पंचाने खूण करावी. पत्रा नुसत्या हाताने धरू नये. ड्रिलचे टोक आरपार जाताना पातळ पत्रा त्यात अडकतो आणि पंख्याच्या पात्यासारखा गरकन फिरतो. ड्रिल चालू असताना हातमोजे घालू नयेत. ते टोकाभोवती गुंडाळले जातात.

कापल्यानंतरचे काम

कापल्यावर कडेला एका अंगाला बारीक धारदार झालर सुटते. कारखान्यात तिला 'बर' म्हणतात. मऊ दातांची कानस कडेच्या लांबीला समांतर, हलक्या हाताने एकदोनदा फिरवली की ती निघते. मग जिथे शक्य असेल तिथे कड ६ ते ८ मिलिमीटर दुमडून लाकडी मोगरीने चेपून टाकावी. दुमडलेली कड हात कापत नाही, पत्र्याला ताठपणा देते, आणि धार आत झाकली जाते. जुन्या पत्र्याच्या डब्यांच्या तोंडाला आत तार घालून वळवलेली गोल कड असते. तीही याच विचाराने केलेली. जस्त कुठे खरवडले गेलेच, तर तिथे जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत.

हाताविषयी दोन शब्द

२०२२ साली मी एका डब्याचे झाकण करत होतो. कापून झाले, कानस फिरवून झाली, चामडी हातमोजे काढून ठेवले. मग खाली पडलेली टाकाऊ फीत उचलून कोपऱ्यात फेकावी म्हणून ती डाव्या हाताने ओढली. दुसरे टोक टेबलाच्या पायाखाली अडकलेले होते. फीत मुठीतून सरकली आणि अंगठ्याचा मांसल भाग चिरत गेली. चार टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले. अंगठ्याच्या एका बाजूचा बधिरपणा अजून गेलेला नाही. शर्टाची गुंडी लावताना तो रोज आठवण करून देतो.

ती दुखापत कातरीने केली नव्हती, ग्राइंडरनेही नाही. केली ती ज्याच्याकडे माझे लक्षच नव्हते त्या फितीने. म्हणून माझा नियम असा : कापणे संपले तरी काम संपलेले नाही. फिती लगेच गुंडाळून जाड कागदात बांधाव्यात, आणि हातमोजे काढायचे ते सर्वांत शेवटी. अडकलेला पत्रा कधीही ओढू नये. पडणारा पत्रा झेलू नये. त्याला पडू द्यावे. कापलेला पत्रा दोन हातांनी धरून न्यावा, मुठीत घट्ट धरून हात त्यावरून सरकवू नये. भंगारवाल्याच्या पोत्यात उघडी धार टाकू नये. ते पोते पुढे कोणीतरी खांद्यावर घेणार आहे.

तर मग निवड कशी करावी?

स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. जाडी किती? ओळ सरळ, वळणाची की मध्यावरच्या भोकाची? आणि ही कड पुढे काय सोसणार आहे : पाऊस, डाग देणे, रंग की माणसाचा हात? १८ गेज किंवा त्याहून पातळ साधा पत्रा आणि कडेपासून सुरू होणारी ओळ असेल तर कातर. वळण असेल तर त्या बाजूची स्निप. मध्यावर भोक असेल तर ड्रिल किंवा छिन्नीने सुरुवात आणि पुढे स्निप किंवा जिगसॉ. नागमोडी पत्रा असेल तर निबलर. ३ मिलिमीटरपुढची पट्टी असेल तर हॅकसॉ किंवा ग्राइंडर. जाड पत्र्याचे लांब, सरळ काप असतील तर घरी झटापट न करता उद्यमबागसारख्या भागातील एखाद्या कारखान्यात जाऊन मोठ्या कापयंत्रावर ते करून घ्यावेत. त्यात कमीपणा नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक सरळ कातर, लाल आणि हिरवी स्निप, एक कानस, गुण्या, मोगरी, दोन आवळपट्ट्या, चामडी हातमोजे आणि चष्मा एवढेच घ्यावे. विजेची अवजारे मागाहून.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही नवी पन्हळ केली. या वेळी पत्रा मी कातरला आणि मामा शेजारी स्टुलावर बसून पाहत होते. पाणी उतरण्याचे भोक मापापेक्षा लहान कापले, त्याच्या कडेला स्निपने आठ छेद दिले आणि त्या पाकळ्या खाली वळवून नळीत बसवल्या. म्हणजे पाणी उघड्या कडेवर न थांबता नळीत उतरते. लांबीच्या दोन्ही कडा दुमडल्या. ग्राइंडर पेटीतच राहिला. पहिल्या वेळी एक तास लागला होता. या वेळी सकाळ गेली.

त्या वर्षीचा पावसाळा ओसरल्यावर मी शिडी लावून वर गेलो आणि मामांनी केले होते तसेच कडेवरून अंगठा फिरवून पाहिले, उजव्या हाताचा. कड गुळगुळीत होती, जस्ताचा करडा रंग तसाच होता. खाली आल्यावर मामांना तसे सांगितले. ते म्हणाले, "आता भिंतीला माती लावा की, मास्तर." त्या दिवाळीच्या सुटीत आम्ही ती लावली.